संमतीपत्र

दिग्विजय सर मोटरसायकल उभी करून भट्टीच्या छपरात शिरले, तेव्हा पहिल्या कढईतलं दूध आटून रटरट वाजत होतं. अशा वेळी उत्तरेश्वर कुणाशी बोलत नसे. लांब दांड्याचं उलथणं दोन्ही हातांनी धरून तो कढईचा तळ खरवडत होता. हात थांबला की दूध तळाला लागतं, लागलं की खव्याला जळका वास येतो, आणि तसला खवा भूमच्या बाजारात कुणी हातात घेत नाही. शेजारच्या कढईवर त्याची बायको अयोध्या होती. तिनं पदर डोक्याभोवती आवळून बांधला होता. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"बसा सर," उत्तरेश्वर मान वर न करता म्हणाला.

त्याची आई धुरपदाबाई बाभळीची लाकडं आत सारत होती. तिनं पोतं झटकून अंथरलं, पण सर उभेच राहिले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद होता.

खडकवस्ती ही ईट गावाच्या पुढं चार किलोमीटरवरची साठ-सत्तर घरांची वस्ती. चौथीपर्यंत शाळा आणि दोन शिक्षक. जुने हेडमास्तर रिटायर झाल्यापासून दिग्विजय सरांकडंच शाळेचा कारभार होता. पस्तिशीचा माणूस, स्वभावानं वाईट नाही. पण कागद घेऊन घरी आला म्हणजे काहीतरी निघालं असणार, हे अयोध्येला कळत होतं.

दारासमोरच्या बाजेवर शिवांजली बसली होती. ती सात वाजल्यापासून शाळेचा ड्रेस घालून तयार होती. शाळा दहाला भरायची. जन्मली तेव्हा ती रडली नव्हती. नर्सबाईनं पाय धरून उलटी केली, पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा कुठं आवाज फुटला. आता दहावं लागलं होतं. उजवा हात छातीशी मुडपलेला असायचा, चालताना उजवा पाय फरफटायचा, आणि ती बोललेलं फक्त घरातल्यांना कळायचं. तिला मात्र सगळ्यांचं कळायचं, जरा उशिरा.

"शांतलिंग सर आता शाळेत येणार न्हाईत," दिग्विजय सर म्हणाले. "वरून पत्र आलंय. अपंग पोरांना शिकवणारे फिरते शिक्षक आता तालुक्याच्या खोलीत बसणार. पोरांना तिथं न्यायचं, आठवड्यातून एकदा."

अयोध्येचा हात थांबला.

"आन ज्यांना जमत न्हाय त्यांनी?" धुरपदाबाईनं विचारलं.

"त्यांच्यासाठी हा कागद. संमतीपत्र. मूल घरीच शिकणार. नाव पटावर राहतं, पुस्तकं मिळतात, महिन्यातून एकदा कुणीतरी घरी येऊन शिकवून जातं."

"हात हालव," उत्तरेश्वर बायकोला म्हणाला.

तिनं उलथणं फिरवलं, पण उशीर झाला होता. तळातून करपल्याचा वास वर आला.

"सर, ती शाळेत येतीय की रोज," अयोध्या म्हणाली. "मंग घरी कशाला?"

सरांनी मानेवरचा घाम पुसला. "ताई, आम्ही दोघं, चार वर्ग, एकेचाळीस पोरं. मला मतदारयाद्यांचं काम, दुसऱ्या बाईंना प्रशिक्षण. मंगळवारी-शुक्रवारी शांतलिंग सर यायचे, तेव्हा ते बघायचे तिच्याकडं. बाकीचे दिवस कसंतरी निभायचं. मागल्या बुधवारी तिनं वर्गातच कपडे ओले केले. मी बाहेर होतो. पोरं नाक धरून बाहेर पळाली. उद्या पडली, लागलं, तर मी कुणाला काय सांगू?"

कपडे ओले झाल्याचं अयोध्येला त्याच दिवशी कळलं होतं, दप्तरात ओली चड्डी बघून. पोरं पळाल्याचं ती आज ऐकत होती.

"ठेवा तिथं डब्यावर," उत्तरेश्वर म्हणाला. "हात भरलेत."

सर गेले. त्या दिवशी अयोध्येच्या कढईतला खवा बाजारात गेला नाही. करपलेला भाग खरवडून काढून बाकीचा घरातच ठेवावा लागला.

---

शुक्रवारी शांतलिंग सर आले ते शाळेत नाही, घरी आले. उमरग्याकडचा माणूस, बोलण्यात मधूनच कानडी हेल यायचा. चार वर्षं ते आठवड्यातून दोनदा येत होते. शिवांजली पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तिला पेन्सिल धरता येत नव्हती. त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेन्सिलीला गुंडाळून ती जाड केली आणि डाव्या हातात दिली. सहा महिने नुसत्या उभ्या रेघा काढून घेतल्या. पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर चित्रं काढली, पाणी, भूक, लघवी, दुखतंय, आणि सगळी एका दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातली. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा लघवीच्या चित्रावर बोट ठेवलं, त्या दिवशी अयोध्येनं शेजारपाजारी खव्याचा गोळा वाटला होता.

आज ते बाजेवर बसले. शिवांजली त्यांच्या पिशवीत हात घालून काय आणलंय ते शोधू लागली. त्यांनी तिला शोधू दिलं.

"मला आता खोलीवर बसायचंय," ते म्हणाले. "दोन तालुक्यांची पोरं. येतील ती येतील."

"सर, त्या कागदावर सही करू का नको?"

शांतलिंग सरांनी आधी रस्त्याकडं बघितलं. "ताई, मी कंत्राटी माणूस. दर वर्षी माझाच कागद नवा होतो. मी काही सांगितलं असं कुठं बोलू नका."

"न्हाय बोलत."

"ज्या लेकरांना अंथरुणातून हलता येत नाही, त्यांच्यासाठी तो कागद चांगला आहे. त्यांना त्याची गरजच आहे. ही तर चालत शाळेत जाते." त्यांनी आवाज उतरवला. "सही केली तर नाव पटावर राहील, पण मूल घरी राहील. आणि एकदा घरी राहिलेलं मूल परत वर्गात बसवणं लई अवघड असतंय. एवढंच सांगतो."

"न्हाय केली तर काढून टाकतील?"

"काढू शकत नाही कुणी. पण सांभाळायचं कुणी, ते त्या कागदात लिहिलेलं नाही. ते कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही."

जाताना त्यांनी ट्यूबचे चार तुकडे कापून दिले. शिवांजली त्यांच्या मोटरसायकलमागं पाय ओढत वेशीपर्यंत गेली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तिथंच उभी राहिली. धुरपदाबाईनं जाऊन तिला आणलं.

---

सोमवारी दिग्विजय सरांनी निरोप धाडला. कागदाचं होईपर्यंत पोरीबरोबर कुणीतरी मोठं माणूस पाठवा, नाहीतर पाठवू नका.

लग्नसराई जवळ आली होती. बाजारातून रोज खव्याची मागणी वाढत होती. पहाटे उत्तरेश्वर कॅन घेऊन वस्त्यांवर दूध गोळा करायला जायचा, सातला भट्टी पेटायची, आणि बारापर्यंत दोन्ही कढयांवरून कुणाला हलता यायचं नाही. खवा गरम असतानाच गोळे वळायचे, ओल्या फडक्यात बांधायचे, एकच्या आत भूमला पोचवायचे. सरपण आणि पाणी धुरपदाबाईकडं होतं. तीन माणसांचं काम तीनच माणसं करत होती. चौथं माणूस नव्हतंच, मग शाळेत बसायला पाठवायचं कुणाला.

शिवांजली घरी राहिली. पण ती सकाळी ड्रेस मागायची. न दिला तर स्वतःच खुंटीवरून ओढून एका हातानं डोक्यात घालायची आणि मुंडी बाहीत अडकून उभी राहायची. मग दहा वाजता पोरांचा आवाज आला की दाराकडं निघायची. दार आणि रस्ता यांच्या मधे भट्टी होती. दोन वेळा ती कढईच्या कडेपर्यंत आली. दुसऱ्या वेळी उत्तरेश्वरानं एका हातानं तिला मागं ढकललं आणि ती लाकडांवर पडली. त्यानं मागं वळून बघितलंही नाही, कारण कढईत दूध वर येत होतं. संध्याकाळी मात्र तो तिच्या कोपरावर हळद लावत बराच वेळ बसला.

त्यानंतर चार दिवस ती भट्टीकडं आली नाही. अयोध्येला बरं वाटलं. पोरीला समजलं असावं, असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी पोरीला न्हाऊ घालताना डाव्या पायाच्या घोट्यावर तिला वळ दिसला. बोटभर रुंद, लालसर, एका जागी कातडं निघालेलं. अयोध्येनं त्यावर हात ठेवताच शिवांजलीनं पाय मागं घेतला.

अयोध्येनं तिला कोरडं केलं, कपडे घातले आणि मग घरात गेली. बाजेच्या पायाला जुन्या लुगड्याचा काठ गाठ मारून बांधलेला होता. दुसरं टोक मोकळं होतं.

धुरपदाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "बघितलंस," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"ह्या सोमवारपासनं. भट्टी चालू असंस्तवरच. बारा वाजले की सोडते."

"आत्याबाई, तिला ढोरावानी..."

"मंग काय करू?" धुरपदाबाईचा हात भाकरीवरच होता. "कढईत पडू दिऊ? म्या पाणी आणायला गेले तर तिच्याकडं कोण बघतंय? तूच सांग. तू सांगशील ते करते."

पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत अयोध्येनं स्वतःच तिला असंच बांधलं होतं, याच बाजेला. फक्त मऊ ओढणीनं, वळ उठू नये म्हणून आतून कापूस लावून. शाळा सुरू झाली त्या दिवशी तिनं ती ओढणी चुलीत घातली होती. सासूला हे सगळं माहीत होतं, आणि तरी तिनं आत्ता ते तोंडावर मारलं नाही. ते अयोध्येला जास्त लागलं.

तव्यावरची भाकरी फुगली. धुरपदाबाईनं ती उलटली. "वळ उठलेला मला दिसला न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "डोळ्यानं कमी दिसतंय आता."

---

बुधवारी तालुक्याच्या खोलीत पोरं न्यायची होती. उत्तरेश्वरानं शेजारच्या म्हाताऱ्या माणिकप्पांना अर्ध्या दिवसासाठी कढईवर उभं केलं. अयोध्या पोरीला घेऊन वडापच्या जीपमधे बसली. जीपमधे चौदा माणसं होती. ईट सोडल्यावर शिवांजलीनं तोंडाशी हात नेला. अयोध्येनं पदर पुढं केला, पण थोडं शेजारच्या बाईच्या पिशवीवर उडालंच. त्या बाईनं नुसती पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली आणि बाकीचा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

खोली स्वच्छ होती. भिंतीवर रंगीत आकडे, कोपऱ्यात चालायला शिकायच्या दोन लाकडी दांड्या, खाली जाड सतरंजी. पण आत पोरं आणि आईबाप मिळून पन्नासेक माणसं होती. एक पोरगं सारखं डोकं भिंतीवर आपटत होतं आणि त्याची आई मधे हाताचा पंजा धरून बसली होती. शांतलिंग सर एकेकाला बोलावत होते. शिवांजलीचा नंबर दीड वाजता आला.

तोवर ती थकून गेली होती. सरांनी पेन्सिल दिली, तिनं टाकली. परत दिली, परत टाकली.

"जीपमधे उलटी झाली तिला," अयोध्या म्हणाली.

"असू दे." सरांनी तिचा मुडपलेला हात हातात घेऊन बोटं एकेक करून सोडवली. तेवढ्यात दारातून कुणीतरी त्यांना हाक मारली. एकेका पोराला दहा मिनिटं होती, ती संपली.

बाहेर व्हरांड्यात एक माणूस पायरीवर बसला होता. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला भस्म. नाव शंभुलिंग म्हणाला. शेजारी त्याचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा सिदू मान खाली घालून बसला होता.

"तुमी तो घरचा कागद केलाव का?" अयोध्येनं विचारलं.

"केला की. दोन वर्सं झाली."

"येत्यात का घरी कुणी?"

"येती एक बाई. चांगली हाय. पण तिच्याकडं सत्तर घरं. ती तरी काय करंल. आली की तासभर बसती, खेळवती, वहीवर लिवती, जाती." त्यानं मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. "आदी हा शाळेत घंटी वाजवायचा. मास्तर त्येलाच वाजवू द्यायचे. आता घरी हाय. आदी चार-पाच शब्द बोलायचा. आता आमीच बोलतो, मंग त्येला बोलायची गरज पडंना."

"मंग आज इथं कशाला आणलाव?"

"परत शाळेत घालता येतंय का इचारायला."

"काय म्हनले?"

"म्हनले येतंय. पण आता तो दांडगा झालाय, वर्गात बसंना. उठून घरी पळतोय." शंभुलिंगानं मुलाची कॉलर सरळ केली. "म्याच सवय मोडली त्येची."

सिदूनं मान वर केली, शिवांजलीकडं बघितलं आणि परत खाली घातली.

तिथल्या साहेबीण बाईंना अयोध्या भेटली. बाईंनी नीट बसवून ऐकून घेतलं. सही करायची सक्ती कुणीच करू शकत नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या. पण शाळेत सांभाळायला माणूस द्या म्हटल्यावर त्यांनी समोरचं रजिस्टर अयोध्येकडं फिरवलं. सगळ्या तालुक्यातल्या पोरांची नावं होती. पानंच्या पानं. "माझ्याकडं किती माणसं आहेत ते सांगू?" त्या म्हणाल्या. अयोध्येनं नको म्हणून मान हलवली.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी विझल्यावर दोघं नवरा-बायको राखेनं कढया घासत होती. धुरपदाबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. शिवांजली तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

"सही करून टाकू," उत्तरेश्वर म्हणाला.

अयोध्येनं घासणं थांबवलं नाही. "त्या माणसाचं सांगितलं न्हवं तुमाला? शंभुलिंगाचं?"

"सांगितलंस. पण आपुन तिला घरी बोलत राहू. आपुन तिला शिकवू."

"कवा? पाचला उठता, आठला झोपता. कवा शिकवताव?"

तो राख घासत राहिला. कढईत त्याचा हात गोल गोल फिरत होता, जिथं आधीच लखलखीत झालं होतं तिथंच.

"म्या एक सांगितलं न्हाय तुला," शेवटी तो म्हणाला. "श्रावणातलं हाय. दूध घेऊन शाळेपुढनं चाललो व्हतो. मधली सुट्टी व्हती. पोरांनी हिला मधी उभी केलेली. म्हनत व्हती, खवा म्हन, खवा म्हन. ही म्हनायची, अवा. आन सगळी हसायची. परत म्हन. परत अवा."

"मंग?"

"ही बी हसत व्हती." त्यानं मूठभर राख परत कढईत टाकली. "तिला वाटत व्हतं आपुन लई भारी बोलाया लागलोय. म्या गाडी थांबवली न्हाय. वळवली आन मागल्या रस्त्यानं आलो."

अयोध्या कढईच्या कडेला हात धरून बसली. राखेचं पाणी तिच्या मनगटावरून खाली गळत होतं.

"घरी तिला कुणी हसत न्हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "म्हनून म्हनतो सही करू. कामासाठी न्हाय म्हनत. तुला वाटत आसंल कामासाठी."

तिला तसंच वाटत होतं. पोरं हसतात म्हणून घरी ठेवायची, तर घरी लुगड्याचा काठ होता. शाळेत पाठवायची, तर तिथं हे. दोन्हीकडं तिला एकसारखंच घाबरायला होत होतं, आणि तिसरी जागा कुठं दिसत नव्हती.

धुरपदाबाईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मांडीवरचं डोकं हळूच उचलून पोत्यावर टेकवलं.

"उद्यापासनं म्या जाते तिच्यासंगं," ती म्हणाली.

"आन पाणी? सरपण?" उत्तरेश्वरानं विचारलं.

"ते तुमचं तुमी बघा. एक कढई कमी करा."

"माय, तू दिसभर काय करशील शाळेत?"

"काय करायचंय. बसंन. पोरं हसली तर बघतील कुणापुढं हसतोय." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "म्या बांधली व्हती तिला. आता म्याच नेते."

---

शुक्रवारी धुरपदाबाई नात घेऊन शाळेत गेली तेव्हा दिग्विजय सर दारातच आडवे आले. वर्गात बाहेरच्या माणसाला बसवायचा नियम नाही, म्हणाले.

"म्या बाहीरची हाय का?" धुरपदाबाई म्हणाली. "तुमीच म्हनला मोठं माणूस पाठवा."

"कागदाचं होईपर्यंत म्हटलं होतं, आजी."

"मंग म्या वर्गात येत न्हाय. पायरीवर बसते."

ती पायरीवर बसली. तिथून तिसऱ्या ओळीत बसलेली शिवांजली दिसायची. अकरा वाजता पोरीनं गळ्यातल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, धुरपदाबाई उठली, तिला मागं घेऊन गेली, आणली, परत पायरीवर बसली. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर आली. धुरपदाबाईला बघून लांबच उभी राहिली. ऊन पायरीवर आलं तेव्हा तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सरकून भिंतीकडं झाली. पाच वाजेपर्यंत तिथंच होती. घरी आल्यावर तिला कंबर सरळ करायला कितीतरी वेळ लागला.

शनिवारी सकाळी एकच कढई पेटली. भट्टी विझल्यावर अयोध्येनं शिवांजलीच्या वहीतलं कोरं पान फाडलं. ती दहावीपर्यंत शिकली होती, पण सात-आठ वर्षांत खव्याच्या वजनाशिवाय काही लिहिलं नव्हतं. तीन ओळी लिहायला तिला अर्धा तास लागला. शिवांजली शाळेत येईल. तिला घरी ठेवायला आमची संमती नाही. तिची आजी रोज बरोबर बसेल, बसू द्यावी.

खाली सही केली आणि कागद नवऱ्यापुढं धरला. उत्तरेश्वरानं तो दोन वेळा वाचला. दुसऱ्या ओळीवर त्याचं बोट बराच वेळ होतं.

"हसतील तिला," तो म्हणाला.

"हसतील."

त्यानं हात धोतराला पुसले. उलथण्यानं तळहातावर उठलेले फोड फुटले होते, त्यामुळं पेन नीट धरता येईना. सही वाकडी आली. त्यानं ती खोडली नाही.

सोमवारी शाळेत सरांनी तिचा अर्ज वाचला. मग त्यांनी दिलेला कोरा छापील कागद अयोध्येनं पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"ताई, वर विचारलं तर मी काय सांगू?"

"आमचा कागद दाखवा."

"आणि तिला काही झालं तर?"

"सर, घरी बी व्हतंय," अयोध्या म्हणाली. घोट्यावरचा वळ तिनं सांगितला नाही.

सरांनी अर्जावर तारीख टाकली, शिक्का मारला आणि फाईलला लावला. मग उठून त्यांनी कोपऱ्यातलं एक बसकूर घेतलं आणि बाहेर जाऊन पायरीवर टाकलं.

---

संक्रांतीपर्यंत धुरपदाबाईची जागा पायरीवरून दाराच्या आत आली. कधी, ते कुणी ठरवलं नाही. थंडी पडली होती, एवढंच. दुसरीतल्या पोरी तिच्याकडून वेण्या घालून घ्यायला लागल्या. एकदा चौथीतल्या एका पोरानं शिवांजलीला खवा म्हणायला सांगितलं. धुरपदाबाई त्याला म्हणाली, "तूच म्हन आदी, तोंडात बोटं घालून." त्यानं म्हटलं. सगळी हसली, तोही हसला. मग एकेकानं बोटं घालून म्हणून बघितलं, आणि त्यात शिवांजलीचा नंबर कधी येऊन गेला ते कळलंही नाही. रोज असं व्हायचं नाही. दोन वेळा ती रडत घरी आली, एकदा धुरपदाबाईचं डोकं धरलं म्हणून दोघी लवकर आल्या. घरी एकच कढई चालत होती. अयोध्या सरपण फोडत होती, पाणी आणत होती, तिचे खांदे संध्याकाळी वर होत नव्हते.

मार्चमधे एका दुपारी दिग्विजय सर धुरपदाबाईशेजारी येऊन बसले.

"आजी, जूनमधे शिवांजली पाचवीला. आपल्याकडं पाचवी नाही. ईटला जावं लागणार."

"तिथं किती पोरं हायत?"

"आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. मी बोलून बघतो तिथल्या सरांशी. पण माझं काही चालेल असं सांगत नाही."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा उत्तरेश्वर दुधाचा कॅन धूत होता. "तिथले मास्तर तुला बसू देतील का?" एवढंच त्यानं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. परत अर्ज लिहावा लागेल, हे अयोध्येला माहीत होतं. अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा, हे माहीत नव्हतं. तिची भाकरी त्या दिवशी अर्धी राहिली.

रविवारी सकाळी धुरपदाबाईनं नातीला उठवलं, तोंड धुतलं आणि तिला घेऊन फाट्यावर गेली. अयोध्या मागून गेली. साडेआठची एसटी आली, थांबली. दोन माणसं उतरली. धुरपदाबाईनं दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला, जोर केला आणि वर चढली. मग वळून तिनं हात खाली केला. शिवांजलीनं डावा पाय वर ठेवला. उजवा खालीच राहिला. अयोध्येला पुढं व्हावंसं वाटलं, पण सासूनं डोळ्यानंच तिला थांबवलं.

"कुठं जायचंय मावशी?" कंडक्टरनं विचारलं.

"जूनमधी जायचंय," धुरपदाबाई म्हणाली. "आज नुसतं चढून बघतोय."

कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं, मग पायरीवरच्या पोरीकडं. त्यानं घंटीच्या दोरीवरचा हात खाली घेतला आणि दुसरा पाय वर येईपर्यंत तो थांबला.